विजयदुर्ग : एका आरमारी ठाण्याचा इतिहास

कळमेश्वरच्या स्मरणिकेत समुद्रकाठच्या किल्ल्याचा इतिहास कशासाठी, असा प्रश्न वाचकाला पडला तर तो रास्त आहे. त्याचे उत्तर नागपूरच्याच इतिहासात आहे. १७५१ मध्ये बंगालचा नवाब अलीवर्दीखान याच्याशी झालेल्या तहानंतर ओडिशा नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली आला. सुवर्णरेखा नदीपर्यंतचा पूर्व किनारा, बालेश्वरसारखे बंदर आणि जगन्नाथपुरीसारखे क्षेत्र ही सारी पन्नासहून अधिक वर्षे नागपूरच्या राज्यात होती. भोसल्यांनी तिथे घोडदळ ठेवले, कटकचा बाराबाटी किल्ला राखला, पण आरमार उभारले नाही. १८०३ च्या सप्टेंबरात इंग्रजांची एक तुकडी समुद्रमार्गे बालेश्वरला उतरली, दुसरी फौज गंजामकडून पुरीमार्गे चालून आली. ऑक्टोबरात बाराबाटी पडला आणि डिसेंबरात देवगावच्या तहाने कटक प्रांत कायमचा गेला.

किनारा ताब्यात असला म्हणजे समुद्र ताब्यात असतो असे नाही. नागपूरच्या राज्याने हे प्रांत गमावून ओळखले. मराठी मुलखाच्या दुसऱ्या टोकाला, वाघोटन नदीच्या मुखावर, ही गोष्ट आधीच ओळखून चालवलेले एक ठाणे होते. त्या विजयदुर्गाचा हा इतिहास. तो किल्ल्याचा आहे, त्याहून अधिक एका खात्याचा आहे. गोदी, खाडी, कचेरी आणि दर्यावर्दी माणसे मिळून हे खाते चालत होते. ते चालले तोवर तटाला बळ होते. ते मोडले त्या दिवशी तट उभा असूनही किल्ला पडला.

जागा आणि बांधणी

विजयदुर्ग आज सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या देवगड तालुक्यात येतो. वाघोटन नदी सह्याद्रीतून उतरून अरबी समुद्राला मिळते, तिथे दक्षिणेच्या बाजूला खडकाची एक जीभ समुद्रात घुसलेली आहे. किल्ला तिच्यावर आहे. पूर्वी त्याला चहूबाजूंनी पाणी होते. पूर्वेकडचा खंदक पुढे बुजला, त्यावरून रस्ता झाला आणि आज गावातून चालत दरवाजाशी जाता येते. किल्ल्याचे मूळ क्षेत्र सुमारे ५ एकर असल्याचे सांगतात. वाढत वाढत ते १७ एकरांवर गेले.

खाडीचे मुख किल्ल्याच्या तोफांच्या माऱ्यात येते. खाडी आत दूरवर वळत गेली आहे, त्यामुळे आत नांगरलेली जहाजे बाहेरच्या समुद्रावरून दिसत नाहीत. पाणीही सगळीकडे खोल नाही. खोल बुडाच्या युरोपीय जहाजांना आत शिरण्याची धास्ती वाटे. मराठ्यांची उथळ बुडाची गलबते मात्र भरतीवर स्वार होऊन आरामात आत-बाहेर करत. शत्रूला दिसू नये, शिरता येऊ नये आणि आपल्याला मात्र हवे तेव्हा बाहेर पडून छापा घालता यावा, असा हा दर्यावरचा गनिमी कावा होता. त्यासाठी नदीनेच जागा करून ठेवली होती.

तटबंदी तिहेरी आहे. तिला चिलखती तटबंदी म्हणतात. एकात एक असे तीन तट आणि त्यांत २७ बुरुज. पहिला तट घेतलेल्या शत्रूवर दुसऱ्या तटावरून मारा होई. आत सदर, दारूकोठार, धान्याची कोठारे, पाण्याची टाकी आणि खलबतखाना यांच्या खुणा आहेत. महादरवाजा असा वळवून बसवला आहे की समोरून तोफ डागायला किंवा हत्तीची धडक द्यायला सरळ वाट मिळत नाही.

समुद्राच्या बाजूला पाण्याखालीही एक बांधकाम आहे. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी पाणबुडे उतरवून त्याची पाहणी केली. दगडांची ही रांग शंभर मीटरांहून लांब आहे. शत्रूची जहाजे आदळून फुटावीत म्हणून मराठ्यांनी ही भिंत मुद्दाम बांधली, असे परंपरा सांगते.

स्थापना

किल्ल्याची पहिली उभारणी शिलाहार राजा दुसरा भोज याच्या काळात, बाराव्या शतकाच्या अखेरीस झाली, असे परंपरेने मानले जाते. पुढे यादव, बहमनी आणि आदिलशाही अशा सत्ता बदलल्या. शेजारच्या गिर्ये गावावरून इंग्रज त्याला घेरिया म्हणत आणि त्यांच्या कागदपत्रांत तेच नाव पुढे शंभर वर्षे चालले.

शिवाजी महाराजांनी किल्ला आदिलशाहीकडून घेतला. त्याचे साल परंपरेने १६५३ सांगतात. त्या वर्षी विजय नाम संवत्सर होते आणि नाव त्यावरून पडले, असे मानतात. दक्षिण कोकणात महाराजांचे पाय घट्ट रोवले गेले ते १६६० नंतरच्या काळात, म्हणून काही अभ्यासक हे साल पुढे नेतात. साल कोणतेही असो, तिहेरी तटाची वाढ आणि आरमारी ठाणे म्हणून झालेली योजना महाराजांच्या काळातली. १६६४ च्या नोव्हेंबरात मालवणजवळ सिंधुदुर्गाचे काम सुरू झाले. सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग अशी जलदुर्गांची माळ कोकणकिनाऱ्यावर उभी राहिली. सिंधुदुर्ग आणि सुवर्णदुर्ग बेटांवर आहेत. नदीचे मुख राखणारे आणि गोदीला लागून असलेले ठाणे विजयदुर्गाचे.

आंग्र्यांचा काळ

कान्होजी आंग्रे यांच्या हाती विजयदुर्ग आल्यावर ठाण्याचे खऱ्या अर्थाने खाते झाले. १७१३ मध्ये बाळाजी विश्वनाथाच्या मध्यस्थीने कान्होजी शाहू महाराजांच्या पक्षाला मिळाले. त्यांची सरखेली, म्हणजे आरमारप्रमुखाचे पद, आणि किनाऱ्यावरचे किल्ले कायम झाले. किनाऱ्यावरून जाणाऱ्या व्यापारी जहाजाने सरखेलाचे दस्तक, म्हणजे परवाना, घ्यावे, न घेतल्यास जहाज धरले जाईल, हा त्यांचा नियम होता. पोर्तुगीज हेच आपल्या कार्ताझच्या नावाने दोनशे वर्षे करत आले होते. एतद्देशीय सत्तेने तोच हक्क बजावताच मात्र इंग्रजांनी त्याला चाचेगिरी ठरवले.

१७१७ मध्ये मुंबईकर इंग्रजांनी घेरियावर आरमार पाठवले. ते हात हलवत परतले. १७२० मध्ये पुन्हा चाल झाली. या खेपेला तोफांचा तरंगता तराफा खास तयार करून आणला होता, पण उपयोग झाला नाही. १७२४ मध्ये डचांनी प्रयत्न केला आणि तेही परतले. कान्होजींच्या हयातीत विजयदुर्ग कोणाला घेता आला नाही. ते ४ जुलै १७२९ रोजी वारले.

या यशाचे श्रेय तटाइतकेच गोदीलाही आहे. किल्ल्यापासून थोडे आत, खाडीच्या काठी खडक फोडून केलेली ही गोदी आंग्र्यांची म्हणून ओळखली जाते. भरतीच्या पाण्यावर जहाज आत घ्यायचे, तोंड बंद करायचे, ओहोटीने पाणी उतरले की बूड मोकळे होते. मग सुतार, लोहार आणि गाबीत जहाजाच्या बुडाला चिकटलेली कालवे खरवडून काढत, फळ्यांच्या सांधीत कापूस-काथ्या ठासत, तेल आणि राळ लावत. हे काम पावसाळ्यात होई. ज्येष्ठात दर्या खवळला की आरमार खाडीत येऊन विसावे आणि नारळी पौर्णिमेनंतर दर्या शांत होऊ लागला की डागडुजी झालेली जहाजे पुन्हा बाहेर पडत. सागवान घाटावरून आणि खाडीच्या वरच्या अंगाच्या रानांतून येई. खाडी एका बाजूने सागाची वाट होती आणि दुसऱ्या बाजूने समुद्राचा दरवाजा.

या जहाजांचे मुख्य प्रकार दोन. गुराब हे तोफांचे जहाज, दोन किंवा तीन डोलकाठ्यांचे, सुमारे १५० ते ३०० टनांचे. गलबत त्याहून लहान, ७० टनांपर्यंतचे, ४०-५० वल्ह्यांचे. वारा पडला की युरोपीय जहाज समुद्रावर असहाय उभे राही. गलबते वल्ही मारत गुराबांना ओढून त्याच्या पिछाडीला आणत, कारण तिथे त्याच्या तोफा चालत नसत. गुराबांनी डोलकाठी तोडली की गलबतांतले शिपाई चढाई करत. इंग्रज लेखकांनी ही पद्धत बारकाईने नोंदवली आहे.

फूट आणि १७५६

कान्होजींच्या मुलांत फूट पडली. १७३५ पर्यंत आंग्र्यांची सत्ता दुभंगली : कुलाबा मानाजीकडे, सुवर्णदुर्ग आणि विजयदुर्ग संभाजीकडे. संभाजीनंतर तुळाजी आला. दर्यावर तो बापाच्या तोडीचा होता. १७४९ मध्ये त्याने इंग्रज कंपनीचे रेस्टोरेशन हे जहाज पकडले, १७५४ मध्ये डचांच्या जहाजांना धडा शिकवला. पण त्याने पेशव्यांना जुमानले नाही आणि शेजारच्या मराठी मुलखालाही त्रास दिला. नानासाहेब पेशव्यांना तुळाजी आवरायचा होता. समुद्रावर त्याच्याशी लढायला पुरेसे आरमार नव्हते, म्हणून त्यांनी इंग्रजांचा हात धरला.

१७५५ च्या मार्चमध्ये करार झाला आणि एप्रिलच्या सुरुवातीला कमोडोर जेम्सने सुवर्णदुर्ग घेतला. पुढच्या वर्षी ॲडमिरल वॉटसन आणि कर्नल क्लाइव्ह मुंबईहून निघाले. केंट, कंबरलँड, टायगर, सॉल्सबरी अशी मोठी लढाऊ जहाजे त्यांच्याबरोबर होती. पेशव्यांची फौज जमिनीकडून आली. तुळाजी बोलणी करण्यासाठी पेशव्यांच्या छावणीत गेला आणि तिथेच अडकला. किल्ल्यात धनी नव्हता.

१२ फेब्रुवारी १७५६ ला दुपारनंतर तोफा सुरू झाल्या. आंग्र्यांची जहाजे खाडीत एकमेकांना बांधून उभी होती. एक गोळा नेमका रेस्टोरेशनवर पडला. तुळाजीने पकडून आणलेले तेच जहाज पेटले आणि आग शेजारच्या जहाजांवर पसरली. काही तासांत दोन पिढ्यांचे आरमार जळून गेले. क्लाइव्हने रात्री फौज उतरवली ती पेशव्यांच्या फौजेने आधी किल्ला घेऊ नये म्हणून. १३ तारखेच्या संध्याकाळी किल्ला खाली झाला. तट मुख्यतः शाबूत होता. आत सापडलेली सुमारे १० लाखांची रोकड आणि माल इंग्रजांनी आपसांत वाटून घेतला. पेशव्यांना त्यातला वाटा मिळाला नाही. किल्ला मिळवायलाही त्यांना आठ महिने झगडावे लागले. १२ ऑक्टोबर १७५६ च्या तहाने बाणकोट आणि भोवतालची काही गावे इंग्रजांना देऊन विजयदुर्ग परत घ्यावा लागला. तुळाजीचे उरलेले आयुष्य पेशव्यांच्या कैदेत गेले.

या प्रसंगाचा दोष एकट्या पेशव्यांवर टाकायची आपल्याकडे सवय आहे. तुळाजी निर्दोष नव्हता. पण सरदाराला शिक्षा करण्यासाठी राज्याचे आरमार परक्याच्या हाताने जाळू देणे हा राज्यकर्त्याचा दोष सरदाराच्या दोषाहून मोठा ठरतो. १७५६ नंतर पश्चिम समुद्रावर इंग्रजांना तोलामोलाचा प्रतिस्पर्धी राहिला नाही.

सुभा आरमार

विजयदुर्गाचा इतिहास इथे संपला नाही, हे पुष्कळांना ठाऊक नसते. किल्ला हाती आल्यावर पेशव्यांनी तिथे सुभा आरमार ठेवला आणि पुढची साठ वर्षे मराठी राज्याच्या आरमाराचे मुख्य ठाणे विजयदुर्ग होते. सुभ्याचा कारभार धुळप घराण्याकडे आला. आनंदराव धुळप हे त्यातले सर्वांत नावाजलेले सरसुभेदार.

सुभ्याची रचना पाहिली की हे खाते कसे चालत असेल ते कळते. जहाजावर तांडेल, सुकाणू धरणारे, शिडे बांधणारे खलाशी, गोलंदाज आणि चढाईचे शिपाई असत. किल्ल्यात गोदीचे सुतार-लोहार, कोठीचे कारकून आणि दारूखान्याचे लोक होते. किनाऱ्याच्या गावांतले गाबीत, भंडारी, कोळी आणि दालदी दर्यावर्दी यांच्यावर आरमाराची सारी मदार होती. दस्तकांची जकात, पाडाव केलेल्या जहाजांचा माल आणि सरकारातून येणारी नेमणूक यांवर खर्च भागे. पुण्याहून नेमणूक वेळेवर आली नाही की शिडाला कापड मिळत नसे आणि खलाशी घरी जात. आरमार लढाईत हरण्याआधी अशा थकलेल्या नेमणुकीने हरते.

या काळातली मोठी लढाई ८ एप्रिल १७८३ ची. मुंबईहून निघालेले रेंजर हे इंग्रजी जहाज रत्नागिरीजवळ आनंदराव धुळपांच्या आरमाराने गाठले. जहाजावर इंग्रजांचे वरिष्ठ लष्करी अधिकारी होते. घनघोर लढाई होऊन कित्येक इंग्रज अधिकारी मारले गेले आणि जहाज पाडाव झाले. सालबाईचा तह तोवर झालेला होता, म्हणून इंग्रजांनी जोरदार तक्रार केली आणि पेशवे दरबाराने कैदी सोडले. पण दर्यावर विजयदुर्गचे आरमार अजून जिवंत आहे, हे मुंबईला कळून चुकले.

दुसऱ्या बाजीरावाच्या काळात सुभ्याची दैना झाली. वसईच्या तहानंतर आरमाराला काही धोरणच उरले नाही. १८१८ च्या जूनमध्ये विजयदुर्ग इंग्रजांच्या ताब्यात गेला.

इंग्रजी अमदानी आणि सूर्यग्रहण

इंग्रजांना किल्ल्याचा लष्करी उपयोग राहिला नाही. बंदर मात्र चालू होते. मुंबई ते गोवा या बोटींचा विजयदुर्ग हा ठरलेला थांबा होता आणि मुंबईला गिरणीत किंवा गोदीत कामाला जाणारा कोकणी चाकरमानी पिढ्यान्‌पिढ्या याच धक्क्यावर उतरत-चढत राहिला.

किल्ल्याच्या नावाशी हेलियमच्या शोधाची गोष्ट जोडलेली आहे आणि १८ ऑगस्ट हा हेलियम दिन म्हणून इथे साजराही होतो. यातले खरे काय, ते स्मरणिकेत नोंदलेले बरे. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणाचा पट्टा भारतावरून गेला होता. फ्रेंच शास्त्रज्ञ यान्सेन यांनी ते गुंटूरहून पाहिले. सूर्याच्या वर्णपटातल्या अनोळखी पिवळ्या रेषेवरून नवे मूलद्रव्य सुचवणारे नॉर्मन लॉकयर त्या वेळी इंग्लंडमध्ये होते. त्यांनी आपले निरीक्षण त्या वर्षी ऑक्टोबरात तिथूनच केले. पृथ्वीवर हेलियम वेगळा केला रॅमसे यांनी १८९५ मध्ये.

लॉकयर विजयदुर्गला आले, हे मात्र अगदी खरे. ते आले २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी, मेल्पोमीन या युद्धनौकेच्या नौसैनिकांच्या मदतीसह. दुर्बिणींसाठी त्यांनी किल्ल्यात चौथरे बांधले. ते आजही साहेबाचे ओटे म्हणून दाखवतात. हेलियमचा शोध विजयदुर्गात लागला नाही. पण त्या शोधाचा एक मानकरी पुढे उपकरणे घेऊन इथे आला आणि त्याने इथून सूर्य अभ्यासला. किल्ल्याच्या मानासाठी एवढे पुरेसे आहे.

संरक्षण आणि जागतिक वारसा

विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात किल्ला संरक्षित स्मारक झाला. आज तो भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यात आहे. ११ जुलै २०२५ रोजी पॅरिसमध्ये भरलेल्या युनेस्कोच्या जागतिक वारसा समितीच्या ४७ व्या अधिवेशनात मराठा लष्करी भूप्रदेशांना जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली. त्यात १२ किल्ले आहेत : साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग आणि तामिळनाडूतला जिंजी. खांदेरी, सुवर्णदुर्ग आणि सिंधुदुर्ग बेटांवरचे. मुख्य किनाऱ्यावरचा, नदीमुख राखणारा या यादीत एकटा विजयदुर्ग.

मानाबरोबर काळजीही वाढली आहे. समुद्राकडचा तट लाटांचा मार रोज खातो. पाणी सांध्यांतला चुना धुऊन नेते, पोकळीत वडा-पिंपळाची मुळे शिरतात आणि पावसाळ्यात दगड सुटतात. तटाचे भाग ढासळल्याच्या बातम्या अलीकडच्या पावसाळ्यांतही आल्या. त्यावर उपाय माहीत आहे : सिमेंट न वापरता चुन्याने दर्जा भरणे, झाड लहान असतानाच मुळासकट काढणे, पावसाआधी पाण्याच्या वाटा मोकळ्या करणे. हे दरवर्षी करावे लागते. गोदीतल्या जहाजासारखीच तटालाही वार्षिक डागडुजी लागते.

संरक्षणाची हद्द मात्र तटाशी संपता कामा नये. खाडीकाठची गोदी, गिर्ये येथील रामेश्वराचे मंदिर, धुळपांचा वाडा आणि पाण्याखालचे बांधकाम मिळून विजयदुर्ग होतो. यातला एकेक भाग वेगळा पाडला, तर उरेल तो सहलीचा किल्ला. ज्या खात्यामुळे तो अजिंक्य राहिला, त्याची खूण उरणार नाही.

जागतिक वारशाच्या या यादीत विदर्भातला एकही किल्ला नाही. पण गाविलगड, नरनाळा आणि आपल्या जिल्ह्यातले नगरधन यांच्यासाठीही विजयदुर्गाचा धडा तोच आहे. किल्ला बांधणाऱ्याचे नाव दगडावर राहते. तो टिकतो मात्र दरवर्षी चुना भरणाऱ्यांच्या आणि कागदपत्रे जपणाऱ्यांच्या हातांनी. कळमेश्वरच्या वाचकांनी विजयदुर्ग एकदा अवश्य पाहावा. तट फिरून झाल्यावर खाडीकाठच्या गोदीपर्यंतही जावे. आणि परत आल्यावर आपल्या परिसरातल्या जुन्या वाड्यांची, विहिरींची, बुरुजांची आणि घराघरांत पडून असलेल्या मोडी कागदांची नोंद करायला हात लावावा.